तिच्या बाजूचा स्पीकर

३ एप्रिल

डाव्या दाराचा स्पीकर मेला. बोओमच्या खिंडीत, ऐन वळणावर.

एकदम नाही मेला — आधी फडफडला, मग खाकरला, मग गप्प. नेमका बुरुलचा निरोप चालू असताना! "अहो, मी बरी आहे, इथं अजून बर्फ—" आणि फर्रर्र. उजवा चालू आहे, पण त्यातून ती डब्यात कोंडलेल्या कोंबडीसारखी बोलते. हसत होती का रडत होती, काही पत्ता लागला नाही.

मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "एशिम आके, बायकोला खोकला झालाय. मध पाठवा." पाच उतारू होते, पाचही वैद्य निघाले. एकानं तर मॉस्कोतला दवाखाना सुचवला. स्पीकर फाटलाय हे मी सांगितलं, ते कोणाला पटलं नाही.

बुरुलला मॉस्कोला जाऊन चार वर्षं झाली. शिवणाच्या कारखान्यात आहे. हिवाळ्यापासून फोन घेत नाही. "कामावर रागावतात, तुम्ही बोलून पाठवत जा, मी बोलून पाठवते." बरं. मग मी तिचे निरोप गाडीत ऐकतो. घरात ऐकवत नाहीत, घर फार रिकामं आहे. नूरूजच्या सणाला म्हणाली होती, उन्हाळ्यात येते. आता विचारलं की म्हणते "बघू". बघू शंभर प्रकारचं असतं. कुठलं बघू आहे ते आवाजावरून कळतं, शब्दांवर काय जातंय. आणि आवाज यायला स्पीकर लागतो!

शेवटी "बरं, ठेवते" म्हणाली की मी लगेच बंद करतो. त्यापुढची शांतता नको वाटते.

५ एप्रिल

टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना कळलं. तिथं पोरं मला आके, म्हणजे दादा, म्हणतात. मेदेर म्हणाला, "आके, स्पीकर कशाला बदलता, बायको बदला." हा मेदेर माझ्या मागच्या नंबरवर गाडी लावतो आणि पुढच्या नंबरवर तोंड चालवतो.

गाडी जपानहून आलेली, जुनी, उजव्या हाताला स्टिअरिंग. चालू केली की डॅशबोर्डातली जपानी बाई रोज सकाळी काहीतरी सांगते. काय सांगते ते कोचकोरमध्ये आजवर कोणाला कळलेलं नाही. मेदेरचं म्हणणं, "एक बायको मॉस्कोत, एक डॅशबोर्डात, आणि ऐकत दोघी नाहीत."

ठरवलं. टायरसाठी ठेवलेले पैसे स्पीकरला. टायर अजून एक उन्हाळा काढतील. नाही काढले तर बसू चालत.

९ एप्रिल

बिश्केक. उतारू सोडले आणि सुट्या भागांच्या बाजारात गेलो. युसूप म्हणून एक दुंगान, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, आहे, त्याचा गाळा कंटेनरमध्ये. माणूस भला, पण त्याला गप्प बसता येत नाही.

पैसे किती आहेत ते आधीच सांगितलं. म्हणाला, "एवढ्यात रेडिओ बदलू नका. जपानी बाईला राहू दे. पुढचे दोन स्पीकर चांगले घ्या, ही वरची छोटी ट्वीटरं घ्या, सीटखाली जुना अँप्लिफायर देतो. मागचे दोन विसरून जा, मागे बसणारे नाहीतरी झोपतात. आणि दारं आतून भरा. दार मोकळं असेल तर सोन्याचा स्पीकर लावा, पत्राच वाजणार."

इथवर ठीक. मग त्यानं सीटखाली बसणारा चपटा ढोल काढला. सबवूफर. "हा घ्याच! हा कानानं नाही ऐकायचा आके, हा मणक्यानं ऐकायचा."

म्हटलं, "माझं वय पंचावन्न आहे. मणका आधीच बोलतो."

"पोरं याच्यासाठी जीव टाकतात!"

"पोरांना टाकू दे. मला बायकोचा आवाज नीट ऐकायचाय, छातीत मेंढ्या उड्या मारायला नकोत."

त्यानं ढोल फडक्यानं पुसला आणि परत ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर लग्नात मांसाला हात लावला नाही.

१० एप्रिल

दाराचं आतलं कव्हर उघडलं. आता बसत नाही. तीन क्लिपा तुटल्या, एक दाराच्या पोटात पडली. ती तिथेच राहील.

१२ एप्रिल

दारं आतून भरायचा जो माल मिळतो तो महाग. चुलतभाऊ म्हणाला, छपराला लावायची डांबराची पट्टी चिकटव. उन्हाळ्यात वितळून उतारूंच्या बुटांवर येईल ती! नको.

मग डोक्यात आलं — नमदा! आवाज खायला लोकरीच्या जाड नमद्यासारखं काय आहे? आमच्या आज्या-पणज्यांनी वादळं तंबूच्या नमद्यानं अडवली, दाराचा पत्रा काय घेऊन बसलात. पेटीवरच्या थप्पीत सगळ्यात खाली एक जुना आहे, लाल-काळा, बुरुलच्या आईनं लाटलेला. चार वर्षं कोणी उलगडला नाही. तरी विचारलेलं बरं. बोलून पाठवलं: "अगं, खालचा लाल नमदा कापू का? गाडीच्या दारात घालायचाय."

तासाभरात उत्तर. उजव्या स्पीकरातून, कोंबडीच्या आवाजात: "हो हो, करा. छान होईल. मला पण आवडेल. बरं, ठेवते."

बायको असावी तर अशी. कापला.

१३ एप्रिल

हिचं काय चाललंय कळत नाही. विचारलं — जूनचं तिकीट काढू का, आता स्वस्त आहेत. उत्तर: "इकडे पण थंडी कमी झाली. तुम्ही पायमोजे घालत जा." मी विचारतो एक, ही सांगते दुसरं. मग कधी दोन दिवसांनी अगदी बरोब्बर उत्तर येतं, जसं काही कोणी शिकवून पाठवलंय.

टाळते आहे. यायचं नसेल तर तोंडानं सांग ना! मी जरा रागावूनच बोलून पाठवलं. "ऐकतेस तरी का माझं?" म्हणालो. त्यावर उत्तर नाही.

१८ एप्रिल

दोन्ही स्पीकर बसले. वायरी ओढल्या, फ्यूज लावला, स्वतः केलं सगळं. लावलं तर आवाज स्वच्छ, पण गाणारा कुठे आहे ते कळेना. समोर नाही, मागे नाही. जाडा सूर तर गायबच.

मेदेर आत बसला, डोळे मिटले, वर बोट दाखवलं. "आके, गाणारा टपावर बसलाय. त्याचंही भाडं घ्या."

२१ एप्रिल

पाऊस. दारात पाणी झिरपतं ही गोष्ट जगात सगळ्यांना माहीत होती म्हणे. मला सोडून. नमदा भिजला. गाडीभर ओल्या मेंढीचा वास. बिश्केकची एक बाई, टाचांचे बूट वगैरे, तासाभरानं म्हणाली, "भाऊ, मेंढी उतरवायची कुठे आहे?"

हात दाखवून अवलक्षण. नमदा काढून वाळवला, प्लॅस्टिकमध्ये शिवून परत घातला. उरलेला तुकडा डिकीत अंथरला. त्यावर अजून नक्षी दिसते.

२४ एप्रिल

युसूपला फोन केला, टपावरच्या गाणाऱ्याचं सांगितलं. तो हसला तो हसतच राहिला. डाव्या दारात मी वायरी उलट जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, जाडा सूर मधल्या मध्ये मरतो. दार पुन्हा उघडलं. वायरी बदलल्या. आणखी एक क्लिप दाराच्या पोटात.

आणि मग — काय सांगू! गाणारा खाली उतरला आणि काचेसमोर येऊन बसला.

पण ते राहू दे. मी बुरुलचे जुने निरोप लावले. गाडी घरासमोर, काचा बंद. तिचा श्वास ऐकू आला. बोलायच्या आधी ती ओठ ओले करते, ते ऐकू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या डावीकडे बसून बोलली. तिकडेच बसायची ती. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यात माझं स्टिअरिंगही उजवीकडे, म्हणून पुढच्या ट्रकपलीकडचं मला दिसत नाही, ती मान बाहेर काढायची आणि म्हणायची, "चला" किंवा "थांबा". वीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

एक गोष्ट नाही आवडली. "बघू" म्हणायच्या आधी ती आवंढा गिळते. हे कोंबडीच्या आवाजात कळत नव्हतं. ती यायची नाही. मला आज कळलं. एवढा खर्च करून कळलं.

२७ एप्रिल

स्टँडवर सगळे मागे लागले. "नवा स्पीकर धुतल्याशिवाय वाजत नाही आके!" म्हणजे मी जेवण द्यायचं. आमच्यात सायकलची घंटी घेतली तरी धुवावी लागते. हिशोब केला, धुण्याचा खर्च स्पीकरहून जास्त. म्हटलं, आधी ऐका, मग मागा.

चारी दारं उघडली. गाणं लावलं. माना हलल्या. सातार आके आमच्या स्टँडचे वडीलधारे, ते म्हणाले, "गाणं काय, कशातही चांगलं वाजतं. माणसाचा आवाज लाव." मी बुरुलचा तेरा तारखेचा निरोप लावला, पायमोज्यांचा. त्यात खाजगी काही नाही. तेवढ्यात एका बाईची पोती आली, ती टपावर बांधायला मी स्टँडच्या पलीकडे गेलो.

परत आलो तर शुकशुकाट! निरोप संपलेला. सातार आके टोपी हातात घेऊन उभे. मेदेर बुटाच्या टोकाकडे बघतोय. मी विचारलं, "काय, कसा वाटला आवाज?"

"स्वच्छ," सातार आके म्हणाले. "फार स्वच्छ आहे रे."

जिंकलो! बोलतीच बंद झाली सगळ्यांची.

२९ एप्रिल

जळतात. साफ दिसतंय. सकाळी मेदेरनं स्वतःहून पहिला नंबर मला दिला. मग माझ्या नाश्त्याच्या सामशाचे पैसे भरले. मेदेरनं! ज्यानं स्वतःच्या सासऱ्याकडून भाडं घेतलं!

जेवणाची मागणी कोणी करत नाही. चांगल्या स्पीकरला लोक मान देतात.

१ मे

आता जरा विचित्र वाटतंय. सातार आकेंच्या घरून ताटभर बोरसोक आले, कणकेचे तुकडे, गरम, ताजे तळलेले. त्यांच्या नातवाला विचारलं, कोणाच्या नावानं तळले? म्हणाला, "असेच." असेच कोणी तळत नाही. तेलाचा वास मेलेल्यांसाठी काढतात, नाहीतर लग्नासाठी. त्यांच्या घरी लग्न नाही.

स्टँडवर जो तो हळू आवाजात विचारतो, "बुरुलचा काही निरोप?" नाही. मी रागावून बोललो तेव्हापासून काही नाही. फोन केला, वाजून वाजून बंद झाला.

३ मे

आज जे झालं ते लिहितो. हसायचं असेल त्यानं हसावं, मीही हसेन, पण आज नाही.

दुपारी अंगणात दार धूत होतो. फाटक वाजलं. बघतो तर सातार आके मधे, मेदेर एका बाजूला, पोस्टातले निवृत्त बेईशे आके दुसऱ्या बाजूला. तिघांच्याही डोक्यावर उंच पांढऱ्या टोप्या. मेदेर टोपीत! मेदेरनं स्वतःच्या लग्नात टोपी घातली नव्हती.

वाईट बातमी एकट्यानं सांगायची नसते आपल्यात. वडीलधारे टोप्या घालून येतात, माणसाला बसवतात, लांबून सुरुवात करतात. माझ्या बापाचं मला असंच सांगितलं होतं.

"बस, एशिम," सातार आके म्हणाले. "माणूस म्हणजे या जगातला पाहुणा. देणाऱ्यानं दिलेलं देणाराच परत—"

पुढचं मी ऐकलंच नाही. मी उठलो, घराच्या भिंतीला हात लावले आणि हंबरडा फोडला. रीतीप्रमाणे फोडतात तसा नाही, आतून आला तसा. "अगं माझ्या बुरुल! माझ्या डाव्या अंगा! एकटं सोडून कुठे गेलीस गं!"

शेजारच्या बायका कुंपणावरून आल्या. त्यांना काय, रडणं ऐकलं की रडायला लागायचं. पलीकडच्या घरातला पोरगा मयताच्या जेवणासाठी मेंढी ओढत घेऊन आला. कोणीतरी चुलीवर कढई चढवली. कोणीतरी तंबू कुठे ठोकायचा विचारलं. आणि या सगळ्यात सातार आके माझी बाही ओढतायत, "अरे थांब! अरे जिवंत आहे ती! मी अजून प्रस्तावनेत होतो!"

शांत व्हायला बराच वेळ गेला. मेंढीला शेवटी कळलं, मला जरा नंतर.

"जिवंत आहे?"

"जिवंत आहे, धडधाकट आहे," मेदेर म्हणाला. त्याचे डोळे लाल. "पण आके, तिला ऐकू येत नाही."

म्हटलं, काय बडबडतोस. तिघांनी मला गाडीत बसवलं. तोच पायमोज्यांचा निरोप. मेदेरनं लावला. "तुम्ही पायमोजे घालत जा. बरं, ठेवते." माझा हात सवयीनं बंद करायला गेला, सातार आकेंनी तो धरला.

कापड घासल्याचा आवाज. फोन बंद न करता खिशात टाकला तिनं. मग दुसरी बाई, लांबून, ओरडून: "बुरुल! भलतंच बोललीस गं! नवरा तिकिटाचं विचारतोय! तिकिटाचं!"

आणि बुरुल, अगदी जवळ, कंटाळलेली: "ओरडून काही उपयोग नाही अनारकान, मला नाही येत ऐकू. लिहून दे. आणि त्यांना कळू देऊ नकोस."

एवढंच. कोंबडीच्या आवाजात हे कधीच आलं नसतं. मी तर तिथपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं.

"आम्ही आठवडाभर ठरवत होतो, कसं सांगायचं," बेईशे आके म्हणाले.

मी म्हणालो, "एवढंच ना? जिवंत आहे ना?" आणि पुन्हा रडलो. मेंढी परत गेली. कढई चढलीच होती म्हणून शेजारणींनी बोरसोक तळले. स्पीकर धुतला गेला शेवटी.

४ मे

सगळं आता लागतंय एकेक. फोन का घेत नव्हती. तिच्या खोलीवर राहणारी अनारकान कामावर असली की बुरुल अंदाजानं बोलायची, अनारकान घरी असली की तिच्याकडून लिहून घेऊन बरोबर बोलायची. तेवढ्या मशिनींच्या घरघरीत चार वर्षं! आणि मी विचारलं, "ऐकतेस तरी का माझं?" हे अनारकाननं लिहून दाखवलं असणार. शब्द न् शब्द.

बोलणं सोपं होतं. लिहायला बसलो तर घाम फुटला. शेवटी एवढं लिहून पाठवलं: "तुझ्या ऐकण्याचं मला कळलं. मी रागावलो त्याबद्दल माफ कर. घरी ये. तू हो म्हणालीस म्हणून लाल नमदा कापून गाडीच्या दारात घातला."

लगेच उत्तर. तेही लिहून.

"कोणता लाल नमदा???"

५ मे

दिवसभर काही नाही. संध्याकाळी हे आलं. उतरवून ठेवतो.

"आईचा नमदा होता तो. मला वाटलं तुम्ही घराला चुना लावायचं विचारताय. नमद्याचं नंतर बघते. येऊन काय करू? हाक मारली तर कळणार नाही. गावातल्या सुना-मुली तोंडावर हात धरून हसतील. निरोपात तरी मी पहिल्यासारखी होते."

मग लिहिलं:

"मला डावीकडून बघायला कोणी नाही. चार वर्षं ट्रकच्या मागे मागे चालवतोय. उतारू म्हणतात चला, मला भरवसा वाटत नाही. त्याला डोळे लागतात, कान लागत नाहीत."

८ मे

काही नाही.

मेदेर रोज विचारतो. थट्टा करत नाही. म्हटलं, बाबा, कर थट्टा, तुझं असं वागणं बघवत नाही. तर म्हणाला, "बायको आल्यावर करतो."

११ मे

"१० जूनला येते. नमद्याचा हिशोब समोरासमोर."

बिश्केकला गेलो. ट्वीटरं युसूपला परत केली, वर टायरचे उरलेले पैसे दिले, चपटा ढोल घेतला. विचारू नकोस म्हटलं, त्यानं विचारलं नाही. डाव्या सीटखाली बसवला. मग कानांत कापूस कोंबला, तिच्या जागेवर बसलो आणि माझाच एक निरोप लावला. शब्द एकही कळला नाही. पण पाठीला कळतं, कोणीतरी बोलतंय.